पाडसबाबा

छोट्या निवृत्त होऊन घरी परतला तेव्हा त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, आणि त्याला छोट्या म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं: त्याची ताई. बाकी सगळी गल्ली त्याला साहेब म्हणे. जन्मभर वेधशाळेत नोकरी केलेल्या माणसाला साहेब का म्हणायचं, हे ताईला काही केल्या कळत नसे. "सकाळी पारा बघायचा, संध्याकाळी पारा बघायचा आणि फोनवर सांगून टाकायचं. पारा चढला तरी ह्याच्यामुळे नाही, उतरला तरी ह्याच्यामुळे नाही. मग साहेब कशातला?" असं ती गिऱ्हाइकांना विचारी. विचारताना तिच्या ओठांत टाचण्या असत, त्यामुळे उत्तर द्यायच्या फंदात कुणी पडत नसे.

ताईचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीपाशी पायडलचं शिलाई मशीन, भिंतीला माणूसभर उंचीचा आरसा आणि एका लांब दांडीवर टांगलेले लोकांचे कपडे. नवं काही ती शिवत नसे. पँटी आखूड करायच्या, कमरा सैल करायच्या, चेन बदलायची, कोटाला अस्तर लावायचं, एवढंच तिचं काम. आणि या कामानं माणसांबद्दलचं तिचं मत कायमचं ठरवून टाकलं होतं. आरशासमोर उभा राहिलेला प्रत्येक जण पोट आत ओढून एकच वाक्य बोले, "कापड आटलंय हो." ताई गुडघ्यांवर बसून टाचणी टोचता टोचता मनात म्हणे, आटली असेल तर तुझी अक्कल. कधी कधी ते मोठ्यानंही म्हणून टाकी. तरी गिऱ्हाईक तुटत नसे, कारण तिच्याइतकी साफ शिवण आसपास कुणाची नव्हती, आणि ही गोष्ट तिला नको तितकी ठाऊक होती.

छोट्याची बायको वारली होती, मुलगी लांबच्या शहरात आपल्या संसारात गुंतली होती, म्हणून तो आईवडिलांच्या घरी ताईकडे आला. ताईनं वरची खोली झाडून दिली, खाटेवर धुतलेली चादर घातली आणि सांगितलं, "चहा दोनदा मिळेल. तिसऱ्यांदा मागायचा नाही."

माणूस वाईट नव्हता तो. दारू नाही, पत्ते नाहीत, शिवीगाळ नाही. फक्त घडून गेलेल्या गोष्टीपुढे जाऊन छाती काढून उभं राहायची त्याला खोड होती. मुलीच्या लग्नात पाऊस आला नाही, तर "मी बघूनच तारीख काढली होती." आला असता, तर मुख्य कचेरीनं माहिती उशिरा पाठवली असती. गल्लीतला नळ दुरुस्त झाला, की याने आदल्या आठवड्यात अर्ज केलेला असे. ताई म्हणे, सूर्य उगवतो तो तरी आपणहून उगवतो की तोही ह्याला विचारून? छोट्या हसे. त्याला वाटे, ताई थट्टा करते आहे. ताई थट्टा करत नव्हती. ती मनापासून त्याला तुच्छ समजत होती, आणि ते लपवायची तिला कधी गरज वाटली नव्हती.

गल्ली जिथे संपते तिथून टेकडी सुरू होते. टेकडीवर झाडी, झाडीत हरणांचा एक कळप. सकाळी ती खाली कुरणाच्या कडेपर्यंत चरायला येत. लोकांना त्यांचं फारसं कौतुक नव्हतं. हरणं आहेत, तसे कावळे-चिमण्याही आहेत. निवृत्तीनंतरच्या रिकाम्या सकाळी काय करायचं हा प्रश्न छोट्याला पडला, आणि डॉक्टरनं त्याला चालायला सांगितलं होतं, म्हणून तो टेकडीकडे जाऊ लागला. एकदा खिशात पावाचा तुकडा होता, तो त्यानं टाकला. छोट्या जरा लांब सरकल्यावर एक हरीण पुढे आलं आणि तुकडा खाऊन गेलं. झालं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या हातात पिशवी आली.

कोपऱ्यावरचा बेकरीवाला त्याला शिळे पाव देऊ लागला. एरवी ते तो गटाराशेजारी फेकत असे, पण आता पिशवी भरताना चारचौघांत म्हणे, "मुक्या जिवांसाठी आपल्याकडून तेवढंच." छोट्या पावात मूठभर मका मिसळून टेकडीच्या पायथ्याशी पसरी आणि जरा लांब दगडावर बसून वाट बघे.

ते वर्ष कसं होतं, हे गल्लीतल्या कुणालाही आठवलं असतं, जर कुणी आठवायचे कष्ट घेतले असते. पाऊस वेळेवर आला आणि हवा तेव्हा थांबला. कुरणात गुडघाभर गवत झालं. पाऊस सरल्यावर टेकडीवरच्या झाडांना ती छोटी, टोपी घातल्यासारखी दिसणारी कडक फळं इतकी लागली, की चालताना पायाखाली कडकड आवाज येई. हरणं ती दिवसभर खात. मग थंडी आली, आली म्हणायची इतकीच. लोकांनी जाड कोट बाहेर काढले आणि न घालताच परत ठेवले. ताईकडे अस्तराचं काम त्या साली आलंच नाही. थंडी गेली आणि हरिणी पाडसं घेऊन खाली येऊ लागल्या. जिथे बघावं तिथे पाडसं. बऱ्याच हरिणींच्या मागे एकाच्या जागी दोन. पाठीवर पांढरे ठिपके, पाय काड्यांसारखे, जरा खुट्ट झालं की गवतात बसून नाहीशी होणारी.

आता ज्या माणसानं आयुष्यभर पाऊस आणि थंडी याशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं, त्याला याचं कारण सुचायला हवं होतं. त्याला सुचलं ते असं, की हे सगळं पावाच्या तुकड्यांनी झालं.

"ताई, बघायला चल एकदा," तो चहा पिताना म्हणाला. "मागच्या वर्षी किती पाडसं होती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि आता बघ. आयांना खुराक मिळाला ना वेळेवर."

"तुझा खुराक? ती पिशवी?" ताईनं सुईत दोरा ओवत विचारलं. "अख्ख्या कळपाला ती पिशवी दाताला लावायलाही पुरणार नाही."

"सातत्य असतं त्यात. दररोज जातो मी."

"दररोज पारा बघत होतास, तेव्हा थंडी तुझ्यामुळे पडायची का?"

त्या वेळी बेकरीवाला आरशासमोर पोट आत ओढून उभा होता. तो मोठ्यानं हसला. ताईला चेव आला. "नमस्कार करा हो ह्याला," ती त्याला म्हणाली. "पाडसबाबा आहे हा. ह्याच्या कृपेनं हरिणींना पोरं होतात."

हे ती जितक्या कडवटपणे बोलू शकत होती तितक्या कडवटपणे बोलली. पण बेकरीवाल्यानं ते बेकरीत जाऊन सांगितलं आणि तिथून ते गल्लीत पसरलं तेव्हा त्यातला कडवटपणा वाटेत कुठेतरी गळून पडला. आठवडाभरात लोक छोट्याला खरोखरच प्रेमानं पाडसबाबा म्हणू लागले. मुलाबाळांना घेऊन त्याच्यासोबत टेकडीपाशी जाऊ लागले. ताईला वाटलं, ह्या गावात शिवी द्यायचीही सोय राहिली नाही. दिली तर पदवी समजून घेतात.

पुढे नगरपालिकेनं त्याचा सत्कार ठरवला. नगराध्यक्षांना वर्षातून एक तरी भला माणूस शोधून काढावा लागे, आणि त्या वर्षी दुसरा कुणी सापडला नव्हता. ताई गेली आणि सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसली. छोट्यानं वेधशाळेतला जुना कोट घातला होता. त्याची कमर तिनेच सैल करून दिली होती. तो बराच वेळ बोलला. मुकी जनावरं, माया, सातत्य, सगळं आलं. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. ही बाई सरकारी दवाखान्यात गाई-म्हशी, कुत्री, कोंबड्या बघायची आणि टेकडीवरच्या कळपावरही तिचं लक्ष असे. तिला बोलायची आवड नव्हती, ते दिसतच होतं.

"साहेबांना जनावरांची कळकळ आहे, हे चांगलंच आहे," ती म्हणाली. "पण पाडसं वाढली ती हवेमुळे. गवत भरपूर झालं, झाडांना फळं आली, थंडी पडली नाही. आया धडधाकट राहिल्या, म्हणून जुळी झाली आणि ती जगली, कारण आयांना दूध होतं. झाडं अशी दरवर्षी फळत नाहीत. पुढच्या खेपेला पाऊस चुकला, तर ह्याच्या निम्मीही पाडसं दिसणार नाहीत. त्यात माणसानं फारसं काही करण्यासारखं नसतं."

मग नगराध्यक्ष हसत हसत उठले. "म्हणजे पुढच्या वर्षी तर आपल्या पाडसबाबांची गरज आणखीनच वाढणार!" टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरीणबाई खाली बसली. छोट्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ताईनं आजूबाजूच्या टाळ्या पिटणाऱ्या हातांकडे बघितलं. त्यातल्या निम्म्यांच्या बाह्यांची लांबी तिला पाठ होती. एका शहाण्या बाईनं स्पष्ट सांगितलेली गोष्ट या सगळ्यांनी मिळून कानांतून आरपार जाऊ दिली होती. तिला बाईचाही राग आला. खरं बोलायचं तर जरा ठासून बोलावं, असं पाहुण्यासारखं काय पुटपुटायचं?

पुढचं वर्ष डॉक्टरीणबाई म्हणाली तसंच निघालं. पाऊस सुरुवातीला दोन-चार वेळा धो धो कोसळून गेला, आणि मग ज्या वेळी तो हवा होता त्या वेळी आकाश कोरडं ठणठणीत. गवत वर यायच्या आधीच पिवळं पडलं. टेकडीवरच्या झाडांनी मागच्या वर्षी सगळं देऊन टाकलं होतं. या वर्षी पायाखाली काही वाजलं नाही. आणि मग थंडी अशी पडली, की सकाळी नळातलं पाणी गोठे. ताईच्या दांडीवर कोटांची रांग लागली. हरणांच्या बरगड्या लांबून दिसू लागल्या. ती झाडांच्या साली कुरतडत, सुकल्या काटक्या चावत, आणि बराच वेळ नुसती उभी राहत.

छोट्याची झोप उडाली, पण चेहरा उजळला. "आता खरी माझी वेळ आहे," तो म्हणाला. गावात त्यानं मदतीची हाक दिली. लोकांनी भराभर मका आणून दिला. देणं सोपं असतं, आणि दिल्यावर मनाला बरं वाटतं. बेकरीवाल्यानं एक पूर्ण पोतं दिलं आणि दुकानाबाहेर तशी पाटी लावली. मक्याची पोती ताईच्या जिन्याखाली येऊन पडली.

एका सकाळी डॉक्टरीणबाई आपला कोट घेऊन दुकानात आली. बाहीचं अस्तर फाटलं होतं. ताई मोजमाप घेऊ लागली, तशी तिची नजर जिन्याखाली गेली.

"ताई, हा मका हरणांसाठी?"

"आमच्या बाबांचा प्रसाद," ताई म्हणाली.

"तो त्यांना घालू देऊ नका," बाई म्हणाली. "मी स्वतः साहेबांना सांगून आले. त्यांनी मलाच अर्धा तास ऐकवलं. थंडीत हरणाचं पोट काटक्या आणि सालींवर लागलेलं असतं. एकदम पोटभर धान्य गेलं की आतमध्ये आंबतं. उपाशी जनावर धान्यावर तुटून पडतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरल्या पोटी मरतं. मागच्या वर्षी मूठभर होतं, आणि त्यांना दुसरं खायलाही होतं, म्हणून निभावलं. आत्ता हरिणी गाभण आहेत."

"मग काही न घालता तशाच मरू द्यायच्या?"

"काही मरतील. पाडसं तर कमीच होणार, जी होतील त्यातलीही थोडीच जगतील. पण ज्या तगणाऱ्या आहेत त्या तगतील. तुमचं ऐकतील ते, तुम्ही सांगा."

ताईनं मान डोलावली. पटलं होतं तिला. आणि ती सांगणारही होती. प्रश्न इतकाच होता, की छोट्याशी साधं बोलायची तिला सवयच नव्हती.

संध्याकाळी छोट्या पोतं उचलायला खाली आला तेव्हा दुकानात बेकरीवाला होता आणि आणखी दोन बायका होत्या. ताईनं मशीन न थांबवताच सांगितलं, "पाडसबाबा, डॉक्टरीण सांगून गेली. तुझ्या मक्यानं हरणं मरतील. जन्मात तुझ्या हातून काही घडलं नाही, आता हे एवढं घडवू नकोस."

दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बेकरीवाला आरशात बघत राहिला. छोट्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "तुला मी जन्मभर बिनकामाचाच वाटलो ना ताई," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता, की ताईनं पायडल थांबवलं. पण ती पुढे काही बोलायच्या आत त्यानं पोतं खांद्यावर घेतलं. आजवर तो पिशवी नेत असे. त्या दिवशी त्यानं बेकरीवाल्याची हातगाडी मागून घेतली, आणि सगळी पोती त्यात घालून टेकडीच्या पायथ्याशी रिकामी करून आला. पिवळाधमक ढीग. हरणं अंधार पडायचीही वाट न बघता त्यावर आली. छोट्यानं ते डोळे भरून पाहिलं आणि परत येऊन न जेवता झोपला.

त्यानंतरच्या तिसऱ्या सकाळी बेकरीवाला धापा टाकत आला. "अहो, ती सगळी टेकडीखालच्या ओढ्यापाशी पडलीत," तो म्हणाला. ताईला कोण पडलंय हे विचारायची गरज पडली नाही. टेकडीवर ती लहानपणानंतर कधी गेली नव्हती. पायांत चपला सरकवून ती तशीच निघाली.

ओढ्याला पाणी नव्हतंच. कोरड्या पात्रात हरणं पडली होती, पोटं टम्म फुगलेली, पाय ताठ. काही अजून जिवंत होती, पण मान उचलत नव्हती. डॉक्टरीणबाई रबरी हातमोजे घालून वाकली होती. तिनं एका हरिणीचं पोट उघडलं होतं. आत मका होता, फुगलेला, ओला, आणि त्याला असा आंबूस वास येत होता, की जमलेल्या माणसांनी नाकं दाबली. त्याच्या खाली, पिशवीत असल्यासारखी, दोन पाडसं होती. पुरती वाढलेली नव्हती, पण ओळखू येण्याइतकी झाली होती. बाईनं ती बाजूला ठेवली.

छोट्या त्याच्या नेहमीच्या दगडाजवळ उभा होता. "कुत्र्यांनी घाबरवलं असणार," तो म्हणाला. "किंवा कुणीतरी औषध घातलंय. ओढ्याच्या पाण्यात..." ओढ्यात पाणी नव्हतं हे त्याला बोलता बोलता दिसलं.

आता गावाचा दुसरा चेहरा बघायला मिळाला, जो पहिल्यापेक्षा काही वेगळा नव्हता. कालपर्यंत पाडसबाबा, पाडसबाबा करणाऱ्यांनी सगळं खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडलं. सत्कारानंतर नगरपालिकेच्या दारात लावलेला त्याचा फोटो रातोरात गेला. ज्यांनी मका दिला होता त्यांनी तो कोंबड्यांसाठी दिला होता, असं निघालं. बेकरीवाल्यानं पाटी काढली आणि म्हणाला, "मी तर त्यांना आधीच सांगत होतो." नगराध्यक्षांनी पत्रकारासमोर दुःख व्यक्त केलं आणि डॉक्टरीणबाईंचा सल्ला सगळ्यांनी मानायला हवा होता, असं सांगितलं.

बेकरीवाला पँट न्यायला आला तेव्हा ताईनं ती त्याच्या अंगावर फेकली. "कमर सैल करायला जागा नाही ह्यात," ती म्हणाली. "कापड आहे तेवढंच आहे. तुमचं पोट वाढलंय आणि तुमचं तोंडही. पाटी कुणी लावली होती हो? माझ्या भावानं?" तो काखा वर करून निघून गेला, आणि त्यानंतर दोनेक वर्षं त्याची पँट दुसरीकडे शिवली गेली. वाईट शिवली गेली, हे ताईला रस्त्यावरून जाताना दिसे आणि बरं वाटे.

छोट्या वरच्या खोलीतून खाली येईना. ताई चहा वर नेऊन ठेवी. अर्धा पिऊन झालेला कप नंतर दारात येई. मग एका दुपारी तो आला आणि मशीनजवळच्या स्टुलावर बसला. दाढी वाढली होती. ज्याच्या पँटीला कायम इस्त्री असायची, त्याचा सदरा चुरगळला होता.

"ताई, मीच केलं ना ते?"

"हो," ताई म्हणाली.

"तू सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं."

तू सांगितलं होतंस! हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायची तिला लहानपणापासून हौस होती. ते आता समोर आलं होतं आणि त्याला कसलीच चव नव्हती. सांगितलं होतं, हे खरंच. पण कसं? चारचौघांत, मशीन चालू ठेवून, ज्या शब्दांनी शहाणा माणूसही उलटं वागला असता अशा शब्दांनी. त्याला खाली बसवून, दार लावून, डॉक्टरीणबाई जशी बोलली तशी बोलली असती तर? तरी त्यानं ऐकलं नसतंच कदाचित. पण ते कदाचित आता कायमचं घरात राहायला आलं होतं. पहिल्यांदा ताईला दुसऱ्या कुणापेक्षा स्वतःचाच जास्त तिटकारा आला, आणि ती गोष्ट तिला इतकी नवी होती, की तिला काय करायचं ते कळेना. ती उठून चहा करायला गेली. त्या दिवसातला तो तिसरा चहा होता.

थंडी सरली. कळपातल्या उरलेल्या हरिणी खाली येऊ लागल्या. मागे पाडसं फारच थोडी, जुळं तर एकही नाही. डॉक्टरीणबाई राहून गेलेला कोट न्यायला आली तेव्हा छोट्या दुकानातच बसला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "मी काही घातलं नसतं, तर किती जगली असती?"

बाईला खोटं बोलता येत नव्हतं आणि टोचून बोलायची इच्छा नव्हती. "पाडसं यंदा कमीच होणार होती," ती म्हणाली. "अशक्त आईचं पाडस जन्मलं तरी उभं राहत नाही, दूध नसतं. काही हरिणी गाभणच राहत नाहीत अशा वर्षी. पण ज्या मेल्या, त्यातल्या बऱ्याच चांगल्या होत्या. त्या तगल्या असत्या. त्यांना पुढच्या साली झाली असती."

"पुढच्या साली," छोट्या म्हणाला.

"हो. चांगलं वर्ष आलं की कळप भरून निघतो. वेळ लागतो, एवढंच."

चांगलं वर्ष लगेच आलं नाही. मधलं एक साल असंच गेलं, ना धड ओलं ना धड कोरडं. छोट्या पुन्हा चालायला जाऊ लागला, पण हातात पिशवी नसे. टेकडीच्या पायथ्याशी जाऊन उभा राही आणि परत येई. वाटेत कुणी बोललं तर बोले. कधी त्याच्या पाठीमागे कुणी हसलं तर ते त्याला ऐकू जाई, आणि तो चालत राही. ताईनं त्याला पाडसबाबा म्हणायचं सोडलं होतं. 'छोट्या' मात्र ती म्हणेच. ते कसं सोडणार?

मग एका साली पाऊस पुन्हा जमून आला. झाडं लगडली. थंडी नावापुरती पडली आणि निघून गेली. हरिणी खाली आल्या आणि त्यांच्या मागून दोन दोन पाडसं.

आणि एका दुपारी बेकरीवाला दुकानात शिरला. वाईट शिवणीला कंटाळून तो परत आला होता. ताईनंही काही न बोलता टेप उचलला होता. आरशासमोर पोट आत ओढून तो म्हणाला, "बघितलीत का पाडसं? मिठाचे खडे ठेवले मी या वर्षी टेकडीवर. मोठे मोठे. धान्य-बिन्य नाही हां, मीठ. ते शास्त्रीय असतं. नगराध्यक्ष म्हणत होते, काहीतरी कार्यक्रम घेऊ."

छोट्या स्टुलावर बसून पेपर वाचत होता. ताईनं त्याच्याकडे बघितलं. तो उठून उभा राहील, निदान खाकरेल तरी, असं तिला वाटलं. त्यानं पेपरचं पान उलटलं आणि म्हणाला, "मीठ चाटतात ती. आवडतं त्यांना."

"बघा!" बेकरीवाला म्हणाला. "अनुभवी माणूस सांगतोय."

ताईनं टाचणी जरा आत टोचली. तो ओरडला. ती म्हणाली, "कापड आटलंय." त्याला ते पटलं आणि तो गेला.

तो गेल्यावर ती छोट्याकडे वळली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "तू गप्प का बसलास? त्या गाढवाच्या मिठानं जुळी झाली?"

"नाही."

"मग?"

"पावसानं झाली."

"मग सांगायचं होतंस ना त्याला तोंडावर! डॉक्टरीणबाईला बोलव त्या कार्यक्रमाला, तू उभा राहा, सांग सगळ्यांना."

"मी सांगितलं तर कोण ऐकेल, ताई?"

गावाला ताई चांगली ओळखून होती. त्यांनी खरं सांगणारीलाही ऐकलं नव्हतं आणि खोटं मिरवणाऱ्याला डोक्यावर घेतलं होतं. उद्या ते मिठाला घेतील, परवा आणखी कशाला. त्यांच्यासाठी शब्द वाया घालवण्यात अर्थ नव्हता. ती मशीनवर बसली. कापड सुईखाली सरकवलं. मग म्हणाली, "मला सांग मग. कसा झाला पाऊस?"

छोट्यानं तिच्याकडे पाहिलं. ती टोमणा मारते आहे की काय, ते त्याला कळेना. मग तो हळूहळू बोलू लागला. वारा कुठून फिरला, ढग टेकडीच्या कुठल्या बाजूला अडतात, मधली उघडीप गवताला कशी मानवली, फळं धरायच्या वेळी रात्री उबदार असल्या तर झाडांना काय होतं. एकाच गोष्टीत तो तीनदा मागे जाऊन सुरुवात करी, मधेच एखाद्या जुन्या वर्षाची आठवण काढी, आणि ती कुठे नेत नसे. इतकं कंटाळवाणं बोलणं ताईनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. पायडलवरचे पाय मात्र तिनं उचलून जमिनीवर ठेवले होते, कारण मशीनच्या आवाजात त्याचं अर्धं बोलणं ऐकू आलं नसतं.